इकडे अडीच, तिकडे चार

बाईंना गल्लीत नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवायच्या, निम्म्या घरांतली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही आणि बाई आपण होऊन सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन खोल्या, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीत वाळत टाकलेली डस्टरं. बोलणं तुटक. चूक दिसली की तोंड मिटून बसता यायचं नाही, एवढा एकच आजार. एकदा अंगात सणसणून ताप असताना त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं की तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात हृदयाचे कप्पे उलटे काढलेत. डॉक्टरनं तक्ता काढला, आणि पुढच्या खेपेला बाईंना बाकावर सगळ्यात शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच गल्लीच्या टोकाला मोटारी भरायचा. रस्त्यावर धावतात त्या मोटारी नव्हेत; पंपाच्या, गिरणीच्या, लेथच्या. जळालेली मोटर यायची, तो तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार छिन्नीनं तोडून ओढून काढायचा, खाचांत कागद सरकवायचा, नवी तार मोजून गुंडाळायचा, दोऱ्यानं आवळायचा, वर व्हार्निश ओतायचा. लोक त्याला आर्मेचर म्हणत. मोटारीच्या पोटात तारांचा जो गोळा गरगर फिरत असतो त्याचं ते नाव. हा बाबाही तसाच, एका जागी बूड टेकणार नाही. बोलता बोलता दुकानाच्या तीन फेऱ्या मारायचा, चहाचा ग्लास कुठं ठेवला ते विसरायचा, मग दुसरा मागवायचा.

हाताला मात्र तोड नव्हती. गिरणीवाला सांगायचा, "आर्मेचरनं भरलेली मोटर माझ्या आधी मरणार नाही." भरून झालेली मोटर तो मोकळीच चालू करून ठेवायचा, पट्टा नाही, काही नाही, नुसती गुणगुणत फिरतेय. मग गिऱ्हाइकाचा हात धरून तिच्या पाठीवर ठेवायचा. "बघा, लागतंय का गरम?" आणि वायरीला टाँग टेस्टर लावून दाखवायचा. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखं तोंड असलेलं मीटर. वायर तोडायला नको, सोडायला नको. नुसती चिमट्यात धरली की आतून किती अँपिअर करंट जातोय तो आकडा समोर. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तसा ह्याच्या कमरेला तो टेस्टर.

बहीण-भावाचं मूळ दुखणं जुनं होतं. वडील बस डेपोत फिटर. संध्याकाळी हातापायाचं ग्रीस धुऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे आणि मुलीला म्हणायचे, "घे गं ह्याला." ती घ्यायची. गणित, विज्ञान, सगळं. तिची एक पद्धत होती. चूक खोडायची नाही. जिथं चुकलं तेवढीच पायरी गोल करायची आणि म्हणायची, "इथं घसरलास." तिच्या मते यात अपमान काही नव्हता, उलट किती छान, बाकीचं सगळं बरोबर आहे असंच झालं की ते. पण त्या गोलाबरोबर मागून वडिलांची टपली यायची. गोल, टपली. गोल, टपली. पोरगं विज्ञानात नापास झालं, पुन्हा बसलं, पुन्हा नापास झालं, आणि एक दिवस उठून वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसलं ते तिथलंच झालं. बाई पुढं शिकून बाई झाल्या. भाऊ संसाराला लागला, केस पांढरे झाले, तरी बाईंच्या तोंडी तो 'छोट्या'च राहिला.

तर ह्या छोट्याकडे कुणीतरी एक जनरेटर दुरुस्तीला टाकून गेला आणि न्यायला आलाच नाही. धूळ खात पडलेला जनरेटर याला बघवेना. त्यानं तो स्वच्छ केला, एका मोटारीला पट्ट्यानं जोडला. भिंतीतल्या विजेवर मोटर फिरणार, मोटर जनरेटरला फिरवणार, जनरेटर पुन्हा वीज देणार. मोटारीला त्यानं नेहमीप्रमाणे एक कपॅसिटर लावला, त्यामुळे मोटर करंट कमी ओढते हे त्याला धंद्यातून ठाऊक. आता जनरेटरची वीज कशाला तरी द्यायला हवी. दुकानात काय असणार? नुकतीच भरलेली एक मोठी मोटर मोकळी फिरवून बघायची होतीच, दिली जोडून. आणि सवयीनं टेस्टर लावला.

मोटर भिंतीतून ओढत होती अडीच. जनरेटर पुढं देत होता चार.

त्यानं टेस्टर झटकला. सेल बदलले. समोरच्या इलेक्ट्रिशियनचा टेस्टर मागून आणला. व्होल्टेज बघितलं, दोन्हीकडे सारखंच. इकडे अडीच, तिकडे चार. आर्मेचर आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला.

मग तडक बहिणीकडे. बाई वह्या तपासत होत्या.

"ताई, टाँग टेस्टर खोटं बोलतो का?"

"नाही. विचारलं तेवढंच सांगतो."

"मग ऐक." आणि त्यानं उभ्या उभ्या, फेऱ्या मारत सगळं सांगितलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"छोट्या, यंत्रातून टाकशील त्यापेक्षा जास्त निघत नाही. कुठल्याच. टाकलेलंसुद्धा पुरतं निघत नाही, थोडं गरम होऊन उडून जातं. तुझी मोटर हाताला गरम लागते ना?"

"लागते की!" भाऊ खुलला. "म्हणजे बघ, दीडपट वीज देते ती देते, वर गरमही होते. ते तर मी धरलंच नव्हतं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, जास्त निघतंय ना? मग भिंतीतला प्लग काढ. तिकडचे चार इकडे आणून लाव, चालू दे आपलं आपण."

"लावले. थांबतंय. मूल चालायला लागलं की लगेच आईचा हात सोडतं का? पट्टा घसरतोय थोडा. तेवढं झालं की…"

"काहीतरी चुकतंय तुझं."

"काय?"

"काहीतरी."

"काहीतरी काय? लहानपणी तर लगेच गोल करून दाखवायचीस. दाखव की आता. कुठं घसरलो?"

बाईंना दाखवता येईना. उत्तर चूक आहे हे पक्कं माहीत होतं, पायरी सापडत नव्हती. त्या म्हणाल्या, "ते मला बघायची गरज नाही. उत्तरच अशक्य आहे."

"बघायचीही गरज नाही!" भाऊ हसला. ते हसणं बाईंनी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "ताई, तुला आकड्यापेक्षा पुस्तक खरं."

बाईंनी तेव्हाच दुकानात जाऊन बघायला हवं होतं, असं पुढं सगळे म्हणाले. बाई गेल्या नाहीत. दोन आणि दोन पाच झाले असं कुणी सांगितलं तर त्याच्या घरी मोजायला जायचं का, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या रस्त्यावर दुकान, आणि बाई समोरच्या फुटपाथनं जाऊ लागल्या.

फुकटच्या विजेची बातमी लपून राहते थोडीच. महिन्याच्या आत टायवाला उगवला. ऐन उन्हाळ्यात गळ्याला टाय, बुटांवर धूळ, हातात पातळ बॅग. त्यानं अडीच बघितले, चार बघितले, रुमालानं टक्कल पुसलं आणि आर्मेचरला म्हणाला, "साहेब, तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

आता ज्याला जन्मभर 'ए आर्मेचर, झाली का मोटर' एवढंच ऐकायची सवय, त्याचं काय होणार? घरी येऊन बायकोला म्हणाला, "मला साहेब म्हणाला तो." बायको भांडी घासत होती. म्हणाली, "म्हणेल. मोटारी कधी भरणार? गिरणीवाला दोनदा येऊन गेला." पण तिलाही मनातून बरं वाटलंच. तिनंही त्या घरात नणंदेची हुशारी ऐकत दिवस काढले होते.

टायवाल्याची कंपनी निघाली. घरोघरी एकेक यंत्र बसणार, विजेचं बिल इतिहासजमा होणार, आधी नाव नोंदवेल त्याला आधी. अनामत टायवाला घेणार, आर्मेचर फक्त दाखवणार. रोज संध्याकाळी अर्धं शटर वर, आत सगळी गल्ली कोंबलेली. आर्मेचर टेस्टर धरायचा आणि एखाद्या जादूगारासारखा बाजूला व्हायचा. "वाचा तुम्हीच. मी नाही सांगत." लोक मोठ्यानं वाचायचे. "अडीच!" मग तिकडे. "चार!" प्लग काढून दाखवा असं कुणी म्हणालंच, तर टायवाला ओठावर बोट ठेवायचा. "पेटंटची गोष्ट आहे, भिंतीला कान असतात."

लाँड्रीवाला सरळ माणूस. त्यानं बाईंना रस्त्यात गाठलं. "बाई, मी नाव नोंदवू का? माझं अर्धं कमावलेलं इस्त्र्याच खातात."

"नोंदवू नका."

"पण भाऊ तुमचा."

"म्हणून तर सांगते. ते होणारच नाही."

"आकडा ह्या डोळ्यांनी बघितला हो."

"आकडा असेल. वीज नसेल."

हे काय उत्तर झालं? लाँड्रीवाल्यानं मान डोलावली आणि जाऊन नाव नोंदवलं. गल्लीत बोललं गेलं की बहिणीच्या पोटात दुखतंय, जन्मभर पहिला नंबर, आता नापास भाऊ पुढं निघाला, सोसवेना बिचारीला. ते भावाच्या कानावर गेलं. त्यानं कुणाला गप्प केलं नाही.

पुढचं सांगायला नकोच. टायवाल्याचा फोन बंद झाला. त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर काचेच्या टाक्यांतले मासे विकणारा एक पोरगेला दुकानदार निघाला, त्याला कंपनी म्हणजे कसली तेही माहीत नव्हतं. गल्ली परत आली ती थेट आर्मेचरच्या शटरवर. ज्यांनी काल 'चार' म्हणून टाळ्या वाजवल्या त्यांनीच त्याची कॉलर धरली. समोरच्या इलेक्ट्रिशियननं पोलीस बोलावले नसते तर हाडं मोडली असती.

इन्स्पेक्टर शांत माणूस होता, दाताला लवंग लावून आलेला. स्टुलावर बसून म्हणाला, "हे बघा, मला फार काही नको. यंत्र चालत नाही हे ह्याला माहीत होतं का नव्हतं, एवढंच पाहिजे. माहीत होतं तर हा त्या टायवाल्याचा भागीदार, आत्ता बेड्या घालतो. नव्हतं तर हासुद्धा तुमच्यासारखाच फसलेला."

"माहीत होतं! माहीत होतं!" गर्दी.

"चालतंय," आर्मेचर म्हणाला. ओठ फुटलेला, तरी तेच. "साहेब, अजून चालतंय. लावून दाखवतो."

आता बोला. 'फसलो' म्हटलं की सुटला असता, आणि हा अजून टायवाल्याचीच भाषा बोलतोय.

बायको धावत शाळेत गेली. बाई वर्गावर होत्या. "वन्सं, चला. त्यांना नेतायत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, तुमच्या शब्दाला किंमत आहे." बाईंनी हातातलं तसंच टाकलं आणि पोरांना न सांगताच निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यानं पळाल्या, असं बघणारे सांगतात.

गर्दीनं वाट दिली. बाई पहिल्यांदाच त्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या. आर्मेचरनं बटण दाबलं, पट्टा फिरला, टेस्टर लावला. अडीच. चार. बाईंनी टेस्टरकडे बघितलंच नाही. त्या वायर जाते तिकडे बघत गेल्या आणि कोपऱ्यातल्या गुणगुणणाऱ्या मोठ्या मोटारीपाशी थांबल्या.

"ही काय करतेय?"

"फिरतेय."

"ते दिसतंय. काम काय करतेय?"

"काम कसलं करणार? नवी भरलीय. मोकळी सोडलीय."

"नेहमी हीच जोडतोस?"

"ही किंवा दुसरी. दुकानात मोटारीच असणार ना, ताई!"

बाई वळल्या. "लाँड्रीवाले, तुमची एक इस्त्री आणा. मोटर काढ रे, तिथं इस्त्री लाव."

इस्त्री आली. लावली. लावल्याबरोबर पट्टा किंचाळला, पहिली मोटर घुसमटल्यासारखी गुरगुरायला लागली, दुकानातला दिवा मंद झाला. आर्मेचरनं टेस्टर लावला. इकडे पाच. तिकडे तीन. त्यानं पुन्हा लावला. पाच. तीन. त्यानं टेस्टरचं तोंड मिटलं, कमरेला अडकवला, आणि आपल्या हातानं यंत्राचं बटण बंद केलं. स्टूल इन्स्पेक्टरकडे होतं, म्हणून जमिनीवर बसला, पाठ भिंतीला लावून.

"म्हणजे काय झालं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

इथं बाईंच्या हाती खडू आला. आर्मेचरनं भिंतीवर एक काळी फळी ठोकलेली होती, कुणाची मोटर कधी द्यायची ते लिहायला. बाईंनी ती पुसली. इकडे एक चौकोन, तिकडे एक चौकोन, मध्ये बाण.

"असं समजा, विहिरीवरून बादल्या येतायत," बाई म्हणाल्या. "इस्त्री प्रत्येक बादली रिकामी करून घेते. तिला खरंच पाणी लागतं. पण मोकळी फिरणारी मोटर काय करते? भरलेली बादली घेते, आणि जवळजवळ भरलेलीच परत पाठवते. पुन्हा येते, पुन्हा जाते. टेस्टर काय मोजतो? रस्त्यावरून किती बादल्या गेल्या-आल्या. पाणी कुणी ओतून घेतलं का, ते त्याला विचारलंच नाही. इकडच्या बाजूला कपॅसिटर आहे, तिथं अशा फुकट येरझाऱ्या होतच नाहीत. म्हणून इकडे अडीच, ते खरे. तिकडे चार, त्या नुसत्या येरझाऱ्या."

"अस्सं!" गिरणीवाला म्हणाला.

"मग," बाईंचा आवाज आता वर्गातला झाला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा, "कुठं चूक झाली?" आणि त्यांनी तिकडच्या चाराभोवती गोल काढला. "इथं."

गल्लीला कळलं. खरंच कळलं. इतकी वर्षं शिकवून ज्या पोरांना जमलं नाही ते त्यांच्या बापांना एका फळीत कळलं. कुणीतरी म्हणालं, "बाई, हे आधी सांगितलं असतंत तर!" कुणी हसलं. बाईंच्या गालावर लाली आली होती. शिकवताना त्यांची अशी लाली वर्षातून एखाद्या वेळी यायची.

इन्स्पेक्टर उठला. "तर मग बाई, तुमच्या भावाला हे माहीत नव्हतं? फसवायचा विचार नव्हता?"

"याला?" बाई म्हणाल्या. "अहो, हा चोर नाही. चोराला निदान किती चोरलं ते मोजता येतं."

दुकान हसलं. पोट धरधरून हसलं. लवंग लावलेला इन्स्पेक्टर हसला, ज्याचे पैसे बुडाले तो लाँड्रीवालाही हसला, शटरबाहेर ज्यांना नीट ऐकू आलं नव्हतं त्यांना आतल्यांनी सांगितलं आणि तेही हसले. बाई स्वतःही हसल्या, खडूचे हात झटकत. मग त्यांची नजर खाली गेली.

आर्मेचर फळीकडे बघत होता.

बेड्या पडल्या नाहीत. गल्लीनं त्याला माफ केलं, इतकं माफ केलं की लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जायला लागले. "काय आर्मेचर, बादल्या किती झाल्या आज?" पोरं बादली वाजवत दुकानावरून जायची. गिरणीवाल्याची मोटर जळाली तेव्हा त्यानं ती हातगाडीवर घालून दुसऱ्या बाजाराला नेली. विचारलं तर म्हणाला, "माणूस चांगलाय हो, पण मोजमापात कच्चा निघाला. आपण कशाला जोखीम घ्या?" टेस्टरवर ज्याची सगळी पत उभी होती, त्याचा टेस्टर आता कुणी बघेना. त्याच्या हाताला काही झालं नव्हतं. तो हात आता कुणाला नको होता, बस. दुकान भाड्यानं गेलं, तिथं कुणी चपला विकायला बसला, आणि आर्मेचर घरी बसला. एका जागी. ज्याला कुणी कधी बसलेलं बघितलं नव्हतं तो माणूस खुर्चीत बसला की जेवायला हाक मारेपर्यंत उठायचा नाही.

बाई जायच्या. दर रविवारी. तो उठून आतल्या खोलीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा. भावजय चहा ठेवायची, बाई प्यायच्या, निघायच्या. एका रविवारी बाई म्हणाल्या, "मी नसते तर तो तुरुंगात असता."

भावजय कप विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली, "वन्सं, तुरुंगातून माणूस सुटून तरी येतो."

एकदा मात्र तो आत गेला नाही. पाय सुजले होते म्हणून असेल. बाई समोर बसल्या. वह्या तपासणाऱ्या बाईला माफी मागायची कशी ते माहीत नसतं, त्या म्हणाल्या, "छोट्या, मी तुला वाचवायला आले होते."

"माहितीय."

"मग?"

"मला लबाड म्हणाली असतीस तर चाललं असतं, ताई. लबाडाला लोक वचकून असतात. तुरुंगात गेलो असतो, तू डबा घेऊन भेटायला आली असतीस. आपण बोललो असतो."

मग बाईंच्यातलं जे कधीच गप्प बसलं नाही ते बोललं. "पण चूक तर होतीच ना रे."

"होती." तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलला. "इस्त्री लावलीस तेव्हाच कळलं मला. मोटारवाला आहे मी, एवढं कळतं. बटण मीच बंद केलं, बघितलंस ना? तेवढ्यावर थांबायचं होतंस. इन्स्पेक्टरला दिसलं होतं ते. सगळ्यांना दिसलं होतं. पुढं फळी कशाला पुसलीस?"

बाईंना पटकन उत्तर सुचलं, ते असं की लोकांना कळायला हवं होतं. ते त्यांनी ओठाशी आणलं आणि गिळलं. खरं उत्तर वेगळं होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं: शिकवायला लागल्यावर त्यांना समोर कोण बसलंय ते दिसेनासं झालं होतं, आणि छान वाटत होतं.

"जा आता," तो म्हणाला. रागावून नाही. दमलेला माणूस म्हणतो तसं. "रविवारी येत नको जाऊ. हिला उगाच चहा करावा लागतो."

बाई गेल्या नाहीत पुन्हा. त्यानं बोलावलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी शाळेला नवे हेडमास्तर आले, तरुण, हौशी. त्यांनी ऑफिसातल्या मीटरशेजारी एक पांढरी डबी बसवून घेतली, हिरवा दिवा लुकलुकणारी. कुणीतरी दारावर विकत होता, म्हणे निम्मी वीज वाचते. सगळा स्टाफ जमला. हेडमास्तरांनी विकणाऱ्याकडून शिकून घेतलेला प्रयोग करून दाखवला, पंखा लावला, चिमट्याचं मीटर लावलं, आकडा खाली आला. टाळ्या पडल्या.

"बाई," हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही विज्ञानाच्या. तुम्ही सांगा, वाचते ना वीज?"

सगळे बाईंकडे वळले. बाईंनी डबीकडे बघितलं, आत कपॅसिटरच असणार हे ओळखलं, मग हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पोरगा खूश होता.

"आकडा तर खाली आलाय," बाई म्हणाल्या, आणि तास होता म्हणून वर्गावर गेल्या.